चुंबळीची दोरी

गुरुवार कांगजिनकरणीला नकोसा झाला होता. गुरुवारी डबा येई. तिच्या म्हाताऱ्याच्या पथ्याचा डबा, अगदी वेळेवर, आणि तो आणणारी होआ अशी गोड बोलणारी की तिच्यावर चिडायचंही जिवावर यावं. नकोसा झाला होता तो येणाऱ्या डब्यामुळं नव्हे, जाणाऱ्या डब्यामुळं.

तिचं खरं नाव ओ जोमरे. पण सोतगोलमध्ये बाहेरून आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, आणि साठ वर्षांपूर्वी कांगजिनहून आलेली ही सून एकोणऐंशीव्या वर्षीही कांगजिनकरीणच राहिली होती. जोमरे हे नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर होतं. तिथली नर्स ते मोठ्यानं पुकारायची तेव्हा म्हातारी शेजारच्या बाईकडं बघायची, की ऊठ बाई, तुझा नंबर आला.

तिचा नवरा पान्सू ब्याऐंशीचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दवाखान्याची गाडी त्याला शहरात नेई आणि चार तास यंत्रावर त्याचं रक्त धुऊन काढी. त्याच्या डाव्या हाताची शीर सुया टोचून टोचून दोरासारखी वर आली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत माशी अडकल्यासारखी गुणगुण लागायची. त्या हातानं पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई होती. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. आणि मिठाचं एक वेळ समजण्यासारखं होतं, पण पालक बंद, बटाटा बंद, सोयाबीन बंद, अंगणातल्या झाडाचं लालबुंद पर्सिमोनसुद्धा बंद, हे ऐकून पान्सू डॉक्टरीणबाईकडं अशा नजरेनं बघत राहिला होता की जणू तिनंच ते झाड तोडायला सांगितलं.

भाजी खायची तर ती कागदासारखी पातळ चिरायची, दोन तास पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची, तेही पाणी फेकायचं. पहिल्या हिवाळ्यात कांगजिनकरणीनं हे सगळं स्वतः करून बघितलं. पण तिच्या बोटांची पेरं सुजून गाठी झालेल्या, हातात सुरी ठरेना. मुळा चिरताना अंगठा कापला तेव्हा पान्सूनं दोन दिवस भाजी मागितली नाही.

मागच्या दारी चौथऱ्यावर तिची मडकी ओळीनं उभी होती. सोयाचं पाणी, सोयाची आंबवलेली चटणी, मिरचीची चटणी, खारवलेली कोळंबी. एके काळी या मडक्यांची झाकणं उघडली की सगळ्या गल्लीला भूक लागायची. आता ज्या घरात मिठाचीच बंदी, तिथं मिठाची मडकी काय कामाची? एकामागून एक ती रिकामी होत गेली आणि तिनं पुन्हा भरली नाहीत. तरी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची मात्र ती. सवय जात नाही.

डबा सुरू केला तो गावच्या महिला मंडळानं. मंडळाची प्रमुख यांगसुन, वय सहासष्ट, आवाज मात्र पोलीसपाटलाचा. गावच्या सभागृहामागं चूल, दर गुरुवारी पहाटेपासून सात-आठ बाया कामाला. कुणी मुळे आणून टाकी, कुणी तांदळाचं पोतं, राजधानीत, सोलला गेलेली मुलं पैसे पाठवत, आणि ज्यांच्याकडं काहीच नसे त्या बाया येऊन चार तास भांडी घासत. पाच वाड्यांतली एकटी म्हातारी माणसं आणि अंथरुणाला खिळलेली दुखणाईत, यांच्या घरी हे डबे जात. पान्सूचा डबा सगळ्यांत वेगळा. त्याच्यासाठी यांगसुन स्वतः भाजी भिजत घाली, आणि त्याच्या स्टीलच्या डब्याला लाल चिकटपट्टी लावी, म्हणजे चुकून दुसऱ्याचा खारट डबा त्याच्याकडं जायला नको.

पान्सू डबा खायचा, पण त्याच्या अटीवर. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भांडं परत कसं जाणार?"

"कसं म्हंजे? भरून," ती म्हणाली होती.

"मग वाढ."

यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सोतगोलमध्ये पोराला चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. भरून गेलं की तो शेजारधर्म. रिकामं गेलं की ती भीक. पहिले काही महिने तिनं डब्यातून लसूण पाठवला, सुकवलेल्या मुळ्याच्या चकत्या पाठवल्या, पर्सिमोन पाठवले. पान्सू आतल्या खोलीतून दर गुरुवारी विचारायचा, काय घातलंस, आणि उत्तर ऐकल्यावरच जेवायच्या काड्या हातात घ्यायचा.

मग उन्हाळ्यात कुठल्याशा वाडीतल्या आजीनं डब्यातून खारवलेले खेकडे परत पाठवले. ते खाऊन स्वयंपाकातल्या तीन बायांची पोटं बिघडली. कचेरीतून कागद आला: ज्यांना डबा जातो त्यांच्याकडून खाण्याची कुठलीही वस्तू घेऊ नये, डबे रिकामे व धुऊन परत घ्यावेत. यांगसुन नियमाची पक्की. तिनं तो कागद चुलीशेजारी भिंतीवर डकवला.

होआनं निरोप सांगितला त्या दिवशी कांगजिनकरीण डबा धुऊन, पुसून दारापर्यंत घेऊन आली होती. पण तिचा हात पुढं होईना. साठ वर्षांत तिनं कुणाच्या हातात रिकामं भांडं ठेवलं नव्हतं. हातालाच ते येत नव्हतं. ती म्हणाली, अजून ओला आहे, पुढच्या खेपेला देते. होआ गेल्यावर तिनं डबा फडक्यात गुंडाळला आणि मागच्या दारी चटणीच्या रिकाम्या मडक्यात ठेवून वर झाकण लावलं. आतून पान्सूनं विचारलं, काय घातलंस? ती म्हणाली, लसूण.

असं एकदा झालं की दुसऱ्यांदा सोपं जातं. दुसऱ्या आठवड्यात मुळ्याच्या चकत्या गेल्या, तिसऱ्यात तीळ. जाई काहीच नाही. मडकी मात्र भरत चालली.

होआ व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली, तिला सोळा वर्षं झालेली. बोलायची अशी की डोळे मिटून ऐकलं तर इथलीच कुणी खवट म्हातारी बोलतेय वाटावं.

"आज्जी, रिकामा डबा?"

"वाळत घातलाय गं."

"मागल्या खेपंला बी वाळतच हुता."

"थंडीत लवकर वाळत न्हाई."

"स्टीलचा डबा हाय आज्जी, गोधडी न्हाई," होआ म्हणाली, आणि हसत तिच्या छोट्या ट्रकमध्ये जाऊन बसली. म्हातारी दाराला धरून उभी राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

तिला आणखी एका गोष्टीचं दुःख होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पान्सू जन्मभर जेवणाला नावं ठेवत आला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तिचं पहिलं सार चाखून सासूसमोर विचारलं होतं, कांगजिनला समुद्र आहे ना, मग मीठ का नाही. त्यानंतर रोज काही ना काही. भात मऊ झाला, किमची लवकर आंबली, मासा जास्त भाजला. ती तोंडातल्या तोंडात शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी मासा कमी भाजायची. डबा सुरू झाल्यापासून मात्र त्याच्या तोंडून चवीबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं. औषध घ्यावं तसा तो जेवायचा, डबा पुसून संपवायचा आणि मान खाली घालून काड्या ठेवायचा. दिलेल्या अन्नाला नाव ठेवू नये, एवढं त्याला कळत होतं. त्या मुकाट जेवण्याकडं बघून कांगजिनकरणीला वाटायचं, यापेक्षा यानं ताट फेकलं असतं तरी बरं झालं असतं.

नोव्हेंबर लागला. गावात वर्षाची किमची घालायची घाई सुरू झाली. सभागृहाच्या अंगणात खारवलेल्या कोबीचे डोंगर, बाया कोपरापर्यंत लाल. आणि एका मंगळवारी दुपारी यांगसुन हातातले मिरचीनं माखलेले रबरी मोजेही न काढता कांगजिनकरणीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"काकू, आमचे अकरा डबे तुमच्याकडं हायेत."

कांगजिनकरीण लसणाच्या पाकळ्या सोलत होती. तिनं वर बघितलं नाही.

यांगसुन म्हणाली की मी भांडायला आले नाही. पण डबे कमी पडले म्हणून गेल्या गुरुवारी वरच्या वाडीतली दोन घरं तशीच राहिली, त्यातलं एक माणूस तर कूससुद्धा बदलू शकत नाही. मंडळातल्या बाया बोलायला लागल्यात. कुणी म्हणतं म्हातारीनं लेकीला पाठवले, कुणी म्हणतं बाजारात विकले. "मी त्यांना गप केलं. पर डबे कुठं हायेत तेवढं सांगा."

दोन दुखणाईत आपल्यामुळं उपाशी राहतील, हे म्हातारीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चौथऱ्यापाशी गेली आणि एकेका मडक्याचं झाकण काढायला लागली. प्रत्येकात फडक्यात गुंडाळलेले दोन-तीन डबे, घासून लख्ख केलेले, आत तोंड दिसेल असे.

यांगसुन बघतच राहिली. "अवो, हे तर धुवून ठेवल्याले हायेत. मग द्यायला काय झालं हुतं?"

"रिकामे कसे देऊ?"

नियमच तसा आहे, एवढं यांगसुन पुटपुटली. डबे तिनं फडक्यांसकट पोटाशी धरले आणि निघून गेली. तिच्या मोज्यांची लाल बोटं फडक्यांवर उमटली होती.

कांगजिनकरीण वळली तेव्हा ओट्यावर खांबाला धरून पान्सू उभा होता. तो कधी उठून आला तिला कळलं नव्हतं.

"लसूण गेला न्हाई तर," तो म्हणाला.

"न्हाई."

"आन् तीळ?"

"तीळ औंदा झालेच कुठं."

त्यानं उघड्या मडक्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "अकरा आठवडे भीक खाल्ली म्हन की," आणि आत गेला.

त्या गुरुवारचा डबा त्यानं उघडला नाही. त्याऐवजी शेजारणीनं दिलेली ताजी किमची वाढायला सांगितली. कांगजिनकरणीनं ती लपवली होती. त्यानं ती शोधून काढली. ही चालते, तो म्हणाला, हिच्या वाडग्यातून आपण पर्सिमोन दिलेत. आणि खरंच दिले होते, त्यामुळं तिला काही बोलता येईना. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं भातावर लाल, खारट, आंबट असं काही खाल्लं, आणि खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं की आणखी कशानं कोण जाणे. मिठामागून तहान आली, तहानेमागून पाणी. तिनं हातातून तांब्या काढून घेतला तर त्यानं नळाला तोंड लावलं. डब्यातलं अन्न वाया जाऊ नये म्हणून ते तिनं मागच्या दारी बसून स्वतः खाल्लं. कसलं म्हणून कसलीच चव नव्हती त्याला. असलं हा माणूस मुकाट्यानं खात होता, असं तिच्या मनात आलं.

शुक्रवारी यंत्रावर चढवताना त्याचे पाय नडगीपर्यंत सुजले होते, दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहत होता. छातीवर तारा लावून डॉक्टरीणबाईनं कागद बघितला आणि कांगजिनकरणीला बाजूला बोलावलं. तरुण बाई, पण बोलताना खाली बघत नव्हती. ती म्हणाली, "आजी, अशी आणखी दोन-तीन जेवणं झाली तर यांचं हृदय झोपेत थांबेल. पथ्याचं खायला घाला, नाहीतर मला काही करता येणार नाही."

गाडी शेतांमधून घराकडं निघाली. शेतं कापून झाली होती. कापणीयंत्रानं पेंढा गोळा करून पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मोठमोठे गठ्ठे बांधावर पडले होते.

घरी आल्यावर तिनं त्याला खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर निजवलं, पायांखाली उशी दिली आणि जवळ बसली. बाहेर अजून ऊन होतं. आणि मग तिनं त्याला एक गोष्ट सांगितली, जी साठ वर्षांत तिनं कुणालाच सांगितली नव्हती, कारण तिला तिची लाज वाटत होती.

ती लग्न होऊन आली त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. पान्सू तेव्हा फौजेत होता. घरात सासू आणि ती. भातात अर्ध्याहून जास्त सातू असायचे, तरी सासू प्रत्येक वेळी तांदूळ शिजायला टाकण्याआधी त्यातली एक मूठ काढून चुलीशेजारच्या छोट्या मडक्यात टाकायची. सगळ्याच घरांत ते मडकं असायचं. एक मूठ कमी झाल्यानं कुणी उपाशी राहत नाही, आणि मडकं भरलं की एक उपाशी घर चार दिवस जेवतं. किती जणांच्या मुठींनी त्या गावातली किती माणसं वसंतापर्यंत पोचली, याचा विचार केला की म्हातारीला अजूनही भरून येई. आता तांदूळ ढीगभर आहे आणि मूठ कुणी काढत नाही.

मडकं भरलं की तांदूळ मान्सोकच्या घरी द्यायचे. मान्सोकला क्षय झाला होता, बायको गेलेली, घरात सहा वर्षांची एक शेंबडी मुलगी. त्याच्या दारात कुणी पाऊल ठेवत नसे. नवी सून म्हणून तांदूळ पोचवायचं काम हिच्यावर आलं. वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात तांदूळ घेऊन ती गेली, श्वास रोखून उंबऱ्यावर ठेवले. तो दारालगत बसून खोकत होता. त्यानं तांदूळ ओतून घेतले आणि भांडं परत दिलं तेव्हा त्यात एक चुंबळ होती. पेंढ्याची, नवी, घट्ट विणलेली, एका बाजूला हातभर दोरी ठेवलेली. बायका चुंबळ डोक्यावर ठेवून त्या दोरीचं टोक दातात धरतात, म्हणजे हंडा हलला तरी चुंबळ सरकत नाही. त्याच्या हातचं अन्न कुणी खाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं खायची नसलेली वस्तू दिली होती.

आणि कांगजिनकरणीनं घरी येताना ती चुंबळ ओढ्यात फेकली. एकोणीस वर्षांची पोर. तिला वाटलं, रोग येईल दोरीतून तोंडात.

सासूनं विचारलं, भांड्यात काय आलं? ही म्हणाली, काही नाही. सासू हातातलं काम थांबवून हिच्याकडं बघायला लागली. म्हणाली, "मान्सोक रिकामं भांडं देईल व्हय?" आणि मग हिचं बिंग फुटलं.

"तिनं मारलं का तुला?" पान्सूनं विचारलं. तो ऐकत होता तर.

मारलं नाही. त्याच पावली परत पाठवलं. ओढ्याच्या कडेनं बर्फ धरला होता. चुंबळ पुढं लव्हाळ्यात अडकलेली, गुडघाभर पाण्यात जाऊन काढावी लागली. घरी आणल्यावर सासू म्हणाली होती, "उकळत्या पाण्यात काढ आन् वाळव. उद्यापासनं पाणी हिच्यावरनंच आनायचं. आन् वरच्या वाटंनं न्हाई, मान्सोकच्या दारावरनं आनायचं. त्याला दिसू दे. न्हाई दिसलं तर पुढल्या खेपंला त्यो दार उघडायचा न्हाई."

सबंध हिवाळा तिनं त्याच्या दारावरून पाणी वाहिलं. वाट दुप्पट लांब. तो दारात बसलेला असायचा. बोलायचा काही नाही, फक्त बघायचा. जर्दाळू फुलले तेव्हा तो गेला, आणि मुलीला खालच्या वाडीतल्या मावशीनं नेलं.

"ती शेंबडी म्हंजे?"

"यांगसुन. दुसरी कोन."

पान्सूनं मान तिच्याकडं वळवली. मग त्यानं विचारलं, "किती पेडांची हुती?"

"काय?"

"चुंबळ गं. किती पेडांची इनली हुती त्यानं?"

तिनं सांगितलं, तीन पेडांची असावी, मध्ये चिंध्या भरलेल्या. त्यावर तो म्हणाला, चिंध्या नाही, आत कणसाची सालं घालतात, म्हणून मऊ राहते. तुला काय ठाऊक. आणि मग म्हणाला, पेंढा आण.

पेंढा आणणं आता सोपं राहिलं नव्हतं. यंत्र पेंढ्याचे तुकडे करतं, लांब काडी मिळत नाही. पण होआच्या नवऱ्यानं शेताचे कोपरे विळ्यानं कापले होते, कारण कोपऱ्यात यंत्र वळत नाही. रविवारी होआ लांब पेंढ्याची एक पेंढी घेऊन आली. पान्सूनं ती फटकून साफ करायला लावली, पाणी शिंपडायला लावलं, मोगरीनं ठोकून मऊ करायला लावली, आणि प्रत्येक कामाला नावं ठेवली. तिला ते कानाला गोड लागत होतं. जेवणाचं मात्र तो ऐकेना. किमची बाजूला ठेवली, पण भात आणि एक अंडं, याच्या पुढं काही नाही. म्हणाला, आधी भांडं भरून जाऊ दे, आणि त्यातलं त्यांनी ठेवून घेतलं की खातो. परत आलं तर पुन्हा त्या डब्याचं नाव काढायचं नाही.

तळहातावर तळहात घासून दोरी वळायची. दोन वर्षांत त्याच्या तळव्यांचे घट्टे जाऊन कातडी पातळ झाली होती, ती लगेच लाल झाली. डाव्या हातातून पेड सुटायचा. पहिली चुंबळ अशी झाली की कांगजिनकरीण म्हणाली, ही चुंबळ की कोंबडीची बसायची जागा. त्यानं ती उसवली. दुसरी उसवली. सोमवारी यंत्रावरून आल्यावर तो इतका गळून जाई की बसवतही नसे, पण त्या दिवशी त्यानं भिंतीला टेकून तिसरी लावली. मंगळवारी दुपारी ती पुरी झाली. थोडी वाकडी होती, पण घट्ट होती, आणि एका बाजूला हातभर दोरी होती.

कांगजिनकरणीनं ती लाल पट्टीच्या डब्यात ठेवली. दोरी आत गुंडाळली, झाकण लावलं आणि होआला बोलावून डबा दिला. होआनं झाकण उघडून बघितलं, मग म्हातारीकडं बघितलं. यांगसुनबाई काय म्हणतील सांगता येत नाही, म्हणाली. नियम भिंतीवर लावलाय.

म्हातारीनं तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिनं न्हाईच घेतली, तर हिकडं परत आनू नगंस. ओढ्यात टाकून दे." बोलून झाल्यावर तिची तिलाच जीभ भाजल्यासारखी झाली. साठ वर्षांनी पुन्हा तोच ओढा तिच्या तोंडी आला होता.

"तसलं काय मी करायची न्हाई आज्जी," होआ म्हणाली.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळपासून पान्सू ओट्यावर येऊन बसला. अंगावर गोधडी, डोक्यात लोकरीची टोपी, नजर वाटेवर. आपण वाट बघत नाही असं दाखवायला तो मधूनमधून पर्सिमोनच्या झाडाकडं बघायचा, ज्यावर पाखरांसाठी राखलेली दोन फळं उरली होती. कांगजिनकरीण भात लावून आली आणि त्याच्याशेजारी बसली. दोन वेळा दुसऱ्याच कुणाची गाडी गेली.

मग होआच्या ट्रकचा आवाज आला आणि खाली, सभागृहापाशीच थांबला. वर आला नाही. कांगजिनकरणीला वाटलं, नाही घेतली म्हणायची. आता ती पोर वर यायलाही घाबरतेय.

वाटेवर कुणीतरी चालत येत होतं. होआ नव्हे. ठेंगणी, रुंद, मंडळाचा हिरवा अंगरखा घातलेली बाई. तिची मान ताठ होती, दोन्ही हात मोकळे सोडलेले, नजर पुढच्या पावलावर. डोक्यावर लाल पट्टीचा डबा होता. डब्याखाली चुंबळ होती. आणि चुंबळीची दोरी तिच्या दातांत होती.

पान्सू खांबाला धरून उभा राहिला.

सोतगोलमध्ये डोक्यावर ओझं घेऊन चालणारी बाई दिसून चाळीस वर्षं झाली असतील. खाली सभागृहाच्या दारात बाया जमल्या होत्या, पण कुणी हसत नव्हतं. यांगसुननं जवळची गल्ली सोडून विहिरीवरून, पूर्वीच्या मान्सोकच्या दारावरून येणारी लांबची वाट धरली होती. फाटकातून आत येताना ती अंमळ वाकली, ओट्यापाशी आली, गुडघ्यात मुडपली आणि डबा अलगद खाली ठेवला. मग तिनं तोंडातून दोरी काढली. इतका वेळ तिला बोलता येत नव्हतं. चुंबळ हातात घेऊन तिचे पेड चाचपत राहिली.

"कागदात खायच्या वस्तू लिव्हल्यात," ती शेवटी म्हणाली. "ही कोन खानार हाय?"

तिनं दोरीचं टोक चुंबळीभोवती गुंडाळलं.

"आमचा बा दारात बसायचा," ती म्हणाली, त्या दोघांकडं न बघता. "तुमी पानी घेऊन चालला की मला उठवायचा. म्हनायचा, बघ, आपली चुंबळ चालली." तिनं मनगटानं नाक पुसलं, सहा वर्षांची असताना पुसायची तसंच. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "अकरा डबे अडकवून ठेवले हुते तुमी, काका. ही एक झाली. बाकीच्या कवा देताय? चुलीवरचं भांडं उतरून ठेवायला आमच्याकडं काय बी न्हाई."

"पेंढा पायजे," पान्सू म्हणाला. "लांब काडीचा. तुकडं चालत न्हाईत."

ती म्हणाली होआला सांगते, आणि चुंबळ काखेत मारून निघून गेली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत पान्सू उभाच होता.

मग तो खाली बसला आणि म्हणाला, वाढ. कांगजिनकरणीनं गरम भात आणला, झाकण काढलं. उकडलेला मुळा होता, कोबी होता, अंड्याची गुंडाळी होती. त्यानं काड्या उचलल्या, मुळ्याची एक फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला.

"अळणी हाय," तो म्हणाला.

"काय म्हनालात?"

"अगदीच अळणी. आन् मुळा बघ की, पायात घालायच्या लाकडी वहाणंएवढा जाड चिरलाय. म्हनं मंडळ. सांग तिला."

कांगजिनकरीण उठली. चमचा आणते म्हणून ती मागच्या दारी गेली, जिथं चमचे कधीच ठेवलेले नसत, आणि रिकाम्या मडक्यांच्या मधोमध उभी राहून ती हसली, डोळ्यांतलं पाणी अंगरख्याच्या टोकानं पुसत, पुन्हा हसली. आतून त्याचा आवाज येतच होता, अंड्यालासुद्धा काही अर्थ नाही म्हणून.

"मी कशाला सांगू?" ती तिथूनच ओरडली. "पुढल्या गुरुवारी तुमीच सांगा."